लिव्हरमध्ये गाठ, रिपोर्टखाली अनोळखी सही: आता मुंबई गाठायची का?

घाटंजी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडिलांचं वय ५८, शेती करतात. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये गाठ निघाली. यवतमाळला सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट आला तो दुसऱ्याच शहरातल्या, कधी न पाहिलेल्या डॉक्टरच्या सहीने, आणि शेवटी लिहिलंय, 'गाठीचं स्वरूप निश्चित सांगता येत नाही, ट्रायफेजिक (तीन फेऱ्यांचा) सीटी किंवा एमआरआय करावा.' अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे पोटाचे स्कॅन वाचायला 'बॉडी इमेजिंग'चा वेगळा रेडिओलॉजिस्ट असतो, तसाच गाठा. असा डॉक्टर आपल्याकडे मिळतो का, तो खरा की नावापुरता हे कसं ओळखायचं, आणि त्यासाठी मुंबईला जायचं का?

भाऊ, आधी मुंबईचं सांगतो. तिकीट एवढ्यात काढू नका. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून अडचण रिपोर्ट वाचणाऱ्याची वाटत नाही, स्कॅन कसा काढला गेला याची वाटते. 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहिणाऱ्या डॉक्टरवर तुमचा राग दिसतो. माझा नाही. समोर जे दिसत नाही ते दिसतं असं लिहिणारा जास्त घातक.

मावसभाऊ सांगतो ते तिकडच्या बाबतीत बरोबर आहे. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर एक वर्ष इंटर्नशिप, मग चार वर्षं रेडिओलॉजीची रेसिडेन्सी, अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीची परीक्षा आणि त्यावर साधारण एक वर्षाची फेलोशिप, म्हणजे एकाच विषयाचं जादा प्रशिक्षण, असा रस्ता असतो. फेलोशिप बॉडी इमेजिंगची असेल तर तो माणूस नंतर बहुतेक वेळ यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, आतडी, गर्भाशय, प्रोस्टेट हेच वाचतो. मेंदू दुसरा वाचतो, गुडघा-खांदा तिसरा. रोज तेच पाहिल्याने नजर तयार होते, यात वाद नाही. मीही जिल्ह्याच्या गावी येण्याआधी एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात हेच काम केलं आहे. पण आता माझ्या टेबलावर सकाळी फटफटीवरून पडलेल्याचं डोकं येतं, मग मळणीयंत्रात गेलेला हात, मग सातव्या महिन्याची बाई, मग तुमच्या बाबांसारखं एखादं लिव्हर. जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओलॉजिस्टला सगळंच पाहावं लागतं. 'मी फक्त पोट पाहतो' अशी पाटी लावली तर संध्याकाळपर्यंत माश्या मारत बसावं लागेल.

आता पदव्यांकडे येऊ, कारण त्यात घोळ फार आहे. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. त्यानंतर तीन वर्षांची एमडी रेडिओडायग्नोसिस किंवा तितक्याच वर्षांची डीएनबी. दोन्ही पूर्ण तज्ज्ञाच्या पदव्या आहेत, डीएनबीला कमी लेखू नका. डीएमआरडी ही दोन वर्षांची पदविका. जुन्या पिढीतले कित्येक उत्तम रेडिओलॉजिस्ट पदविकावालेच आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या हाताखाली मी सोनोग्राफी शिकलो. एफआरसीआर ही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सची परीक्षा. ती कठीण असते, पण पास झालेला प्रत्येक जण इंग्लंडात राहून आला असं नाही. 'फेलोशिप इन बॉडी इमेजिंग' लिहिलं असेल तर कुठून आणि किती काळाची, एवढं विचारा. वर्षभर रोज कॅन्सरचे स्कॅन वाचून मिळालेली फेलोशिप आणि शनिवार-रविवारच्या वर्गातून मिळालेला कागद, दोन्ही लेटरहेडवर एकाच आकाराच्या अक्षरात छापले जातात.

खात्री करायची तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहा. रिपोर्टखाली तो असलाच पाहिजे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं, आणि तिथे नुसतं एमबीबीएस दिसतंय की वरची पदवीही नोंदलेली आहे हे पाहायचं असतं, कारण एमडीची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. डॉक्टर दुसऱ्या राज्यातला असेल तर त्या राज्याच्या कौन्सिलचा क्रमांक असेल, तोही तपासता येतो. क्रमांकच नसेल, नुसती 'रेडिओलॉजी विभाग' अशी रबरी शिक्क्याची सही असेल, तर मात्र सेंटरवाल्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भिडस्तपणा करू नका.

एक गोष्ट गावाकडे हमखास चुकते. सीटीच्या टेबलावर झोपवणारा, सलाईन लावणारा, 'हलू नका जी' म्हणणारा माणूस तंत्रज्ञ असतो. त्याला सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात आणि बाहेर येताना विचारतात, 'का निघालं?' तोही बिचारा काहीतरी बोलून जातो, आणि त्या अर्ध्या वाक्यावर घरात रात्रभर रडारड होते. त्याचं काम स्कॅन नीट काढायचं. निदान त्याच्याकडून घेऊ नका.

सोनोग्राफीचं गणित वेगळं आहे, आणि ते समजलं तर तुमचे पैसे वाचतील. अमेरिकेत सोनोग्राफी बहुधा तंत्रज्ञ करतो आणि डॉक्टर नंतर चित्रं पाहतो. आपल्याकडे प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, डॉक्टरच्याच हातात असतो. त्याने कुशीवर वळवून पाहिलं का, श्वास भरायला लावून यकृताचा वरचा घुमट बरगडीखालून काढला का, पोटात गॅस होता तर थांबून पुन्हा पाहिलं का, हे सगळं त्या दहा मिनिटांत घडतं आणि तिथेच संपतं. सोबत मिळणारी चार-सहा चित्रं म्हणजे त्याने निवडलेले क्षण. ती दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून 'तुमचं मत सांगा' म्हणण्यात फारसा अर्थ नाही; शंका असेल तर सोनोग्राफी पुन्हा करूनच घ्यावी. सीटी आणि एमआरआयचं तसं नाही. तिथे सगळा डेटा साठवलेला असतो, आणि चांगला वाचणारा तो मुंबईत, नागपुरात किंवा सेवाग्रामला बसून तुमच्या बाबांना न हलवता पुन्हा वाचू शकतो. अट एकच, डेटा मुळातच पुरेसा हवा.

बाबांच्या रिपोर्टची गाडी इथेच अडली असावी. यकृताला दोन ठिकाणांहून रक्त मिळतं: साधारण पाव हिस्सा धमनीतून, उरलेलं सगळं आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून. यकृताच्या कॅन्सरची गाठ मात्र आपलं रक्त मुख्यतः धमनीतून ओढते. म्हणून हाताच्या शिरेतून औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वेगाने सोडल्यावर साधारण तीस-पस्तीस सेकंदांनी पहिला स्कॅन काढतात. तेव्हा अशी गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. सत्तर सेकंदांच्या आसपास दुसरा काढतात. आता यकृत उजळलेलं असतं आणि गाठ फिकी पडायला लागते. तीन ते पाच मिनिटांनी तिसरा. निरुपद्रवी रक्तवाहिन्यांची गाठ, जिला हेमँजिओमा म्हणतात, ती कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि हळूहळू आतपर्यंत भरत जाते. गळू असेल तर कडा उजळते, मधला पू काळाच राहतो. वावरात पाणी सोडल्यावर कोणती सरी आधी भिजते आणि कोणती आधी सुकते, यावरून जमिनीचा अंदाज घेता ना, तसंच हे. फक्त शेवटी जाऊन पाहिलं तर सगळंच ओलं दिसतं.

चिठ्ठीवर नुसतं 'सीटी ॲबडोमेन, पोटदुखी' लिहिलेलं असलं की सेंटरमध्ये बहुधा सत्तर सेकंदांचा एकच फेरा काढला जातो. त्यात सेंटरवाल्याचीही चूक म्हणता येत नाही. अपेंडिक्स किंवा आतड्याच्या दुखण्याला तेवढं पुरतं, आणि विनाकारण तीनदा किरण का द्यायचे? पण लिव्हरच्या गाठीला ते पुरत नाही. जो क्षण टिपलाच गेला नाही, तो जगातला कोणताही बॉडी इमेजिंगवाला नंतर वाचू शकत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला 'टेक्निक' अशी ओळ असेल, ती वाचून पाहा. तिथे 'प्लेन' लिहिलं असेल तर औषध दिलेलंच नाही. 'पोर्टल व्हीनस फेज' एवढंच असेल तर मी म्हणतो तेच झालंय. 'आर्टेरियल, पोर्टल व्हीनस, डिलेड' अशी तिन्ही नावं असतील, तर मात्र माझा अंदाज चुकला आणि दुसरं वाचन खरंच उपयोगी पडेल.

मी म्हणेन, फेलोशिपपेक्षाही मोठी गोष्ट ती चिठ्ठी आहे. तीच चिठ्ठी अशी आली असती तर बघा: 'वय ५८, रोज दारू, वजन घटलं, ताप नाही, सोनोग्राफीत उजव्या भागात ३ सेंमीची गाठ, कावीळ बी तपासायची आहे.' एवढं वाचल्यावर मी स्वतः मशीनजवळ जाऊन उभा राहीन, मोठी शीर निवडायला सांगेन आणि तिन्ही फेरे काढून घेईन. तालुक्यातल्या डॉक्टरांकडे बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, त्यांना दोष देत नाही. पण सोबत जाणाऱ्याने ही माहिती तोंडी सांगायला काय हरकत आहे? दारूचं विचारलं की घरचे एकमेकांकडे पाहतात आणि 'कधीमधी घेते' म्हणतात. खरं सांगा. मोजून सांगा. खर्रा, तंबाखू, आधी झालेलं ऑपरेशन, सिकलसेल, सगळंच सांगा.

सिकलसेलचं मुद्दाम लिहिलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत हा रक्ताचा आजार बराच आढळतो, आणि इथे अनुभवाला पदवीइतकंच मोल येतं. सिकलसेलच्या मोठ्या वयाच्या रुग्णाची प्लीहा वारंवार रक्तपुरवठा तुटून आक्रसत जाते, शेवटी चुन्यासारखा छोटा गोळा उरतो. दूरच्या शहरात बसून वाचणाऱ्याला इतिहास कळवला नाही तर तो 'प्लीहा दिसत नाही, शस्त्रक्रियेने काढली आहे का?' असं लिहून मोकळा होतो. विशीतल्या पोराच्या पित्ताशयात खडे दिसले की इकडचा रेडिओलॉजिस्ट आधी सिकलसेलचा विचार करतो, मग बाकीचा. हत्तीपायाचंही तसंच. पूर्व विदर्भात अंडकोषाच्या सोनोग्राफीत लसिकावाहिनीत वळवळणारे जिवंत जंत कधीकधी प्रत्यक्ष दिसतात. ज्याने ते एकदा पाहिलं तो विसरत नाही, ज्याने कधीच पाहिलं नाही त्याला ते हलणं कशाचं आहे हेच कळत नाही. मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्याची गाठ दिसली तर हायडॅटिडची, म्हणजे जंतामुळे झालेल्या गाठीची, शंका आधी घ्यावी लागते, आणि विचार न करता तिच्यात सुई घालायची नसते. देशी दारू पिणाऱ्याच्या यकृतात ताप आणि दुखण्यासोबत दिसणारी गाठ बऱ्याचदा अमिबाचं गळू निघते, औषधाने बरी होते. नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांवरून ती कॅन्सर वाटलेली मी पाहिली आहे.

म्हणजे दूर बसून रिपोर्ट देणं वाईट, असं मात्र नाही. टेलिरेडिओलॉजी नसती तर विदर्भातल्या अनेक गावांत रात्री डोक्याचा सीटी कुणी वाचलाच नसता. रात्री दोनला आलेल्या अपघातात मेंदूत रक्त आहे की नाही हे अर्ध्या तासात कळणं, यात कित्येकांचा जीव वाचतो. माझं म्हणणं एवढंच की तिकडच्या वाचणाऱ्याला इकडचा माणूस दिसत नाही, म्हणून त्याला जास्त सांगावं लागतं. आणि त्याला फोन करता आला पाहिजे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, 'रिपोर्ट देणाऱ्याशी तुमचं बोलणं होऊ शकतं का?' उत्तर 'हो' असेल तर अर्धी काळजी सोडा.

माझ्याकडे सीटीच्या मशीनमध्ये श्वास धरायची सूचना ध्वनिमुद्रित हिंदीतून यायची. मेळघाटातून आलेल्या, फक्त कोरकू बोलणाऱ्या आजीला त्यातलं काय कळणार? ती भलत्याच वेळी श्वास सोडायची आणि लिव्हरचा वरचा भाग दोनदा निघायचा किंवा निघायचाच नाही. आता आमचा तंत्रज्ञ तो आवाज बंद ठेवतो. आधी टेबलाशेजारी उभा राहून स्वतः नाकाने हवा ओढून, छाती फुगवून दाखवतो, पेशंटकडून तीनदा करवून घेतो, मग आत जातो आणि माईकवरून 'दम धर माय… सोड' असं म्हणतो. धुरळलेल्या स्कॅनची संख्या याने जेवढी कमी झाली, तेवढी कुठल्या महागड्या सॉफ्टवेअरने झाली नाही. बाबांचा पुन्हा स्कॅन होईल तेव्हा त्यांनाही घरूनच सराव करवून न्या: अर्धा श्वास घ्यायचा, वीस सेकंद थांबायचं, हलायचं नाही.

काहीजण विचारतात, तुम्ही मोठ्या शहरात शिकून आलात तर सोनोग्राफीचं मशीन घेऊन महिन्यातून एकदा आमच्या गावी का येत नाही? कायद्याने येता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४चा, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. महाराष्ट्राने तर १९८८मध्येच स्वतःचा कायदा केला होता. मशीन नोंदलेल्या जागीच राहतं, सेंटरचं प्रमाणपत्र भिंतीवर लावावं लागतं, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या पाच तारखेच्या आत द्यावा लागतो. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरना नाव देता येतं, तेही वेळा ठरवून. कागदाच्या या ओझ्यावर रेडिओलॉजिस्ट कुरकुरतात, मीही कुरकुरतो. पण कायदा का आला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सेंटरमध्ये शिरल्यावर ते प्रमाणपत्र आणि त्यावर तुमची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरचं नाव आहे का, हे बघायची सवय लावा. सीटीच्या मशीनला मात्र किरणोत्सर्गामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ती वेगळी.

किरणांची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण पुढच्या स्कॅनच्या वेळी कुणीतरी काढेलच. पोटाच्या एका फेऱ्याच्या सीटीत साधारण आठ-दहा मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस जातो, तीन फेऱ्यांत त्याहून जास्त. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी अडीचच्या आसपास मिळतोच. ५८ वर्षांच्या, लिव्हरमध्ये गाठ असलेल्या माणसासाठी हा विचार करायचा नसतो. विशीतल्या मुलीला मुतखड्यासाठी दरवर्षी सीटी काढत असतील तर करायचा असतो. एमआरआयमध्ये असे किरण नसतातच. आणि कॉन्ट्रास्टच्या औषधाआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आवश्यक आहे, विशेषतः अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून किडनीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांनी ते टाळू नये. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगायचं.

आता बाबांचं. सेंटरवर जाऊन सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा, डायकॉम स्वरूपात, म्हणजे स्कॅनचा मूळ डेटा. तो तुमचा हक्क आहे. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मोबाईलने काढलेला फोटो मला रोज कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतं. त्यात गाठीच्या कडा, छटा, मोजमाप काहीच उरत नाही, आणि त्यावर मत देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रक्तात एचबीएसएजी (कावीळ बी), अँटी-एचसीव्ही (कावीळ सी), एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक), लिव्हर फंक्शन आणि क्रिएटिनिन करून घ्या. हे यवतमाळलाच होतं. बाबांचं यकृत आधीच सिरोसिसने आकसलेलं किंवा जुन्या कावीळ बी ने ग्रासलेलं असेल, तर तीन फेऱ्यांचा चांगला स्कॅन फार मोलाचा ठरतो, कारण अशा यकृतात ठरावीक चिन्हं पूर्ण जुळली तर सुई न घालताही कॅन्सरचं निदान पक्कं धरता येतं. अशा सोयी फार थोड्या कॅन्सरमध्ये आहेत. म्हणूनच स्कॅनच्या आधी कुणी 'चला, लगेच बायोप्सी करून टाकू' म्हणालं तर घाई करू नका, आधी ट्रायफेजिक सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय होऊ द्या.

हा स्कॅन कुठे? माझी पसंती अशा जागेला, जिथे रेडिओलॉजिस्ट आणि पोटाचा सर्जन किंवा गॅस्ट्रोचा डॉक्टर एकाच इमारतीत बसतात आणि शंका आली तर एकमेकांच्या खोलीत जाऊन बोलतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि तिथलं सुपर स्पेशालिटी, एम्स, हे सगळं घाटंजीहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. शिकाऊ डॉक्टर आधी वाचतील म्हणून नाक मुरडू नका. शिकवणाऱ्या रुग्णालयात एकच स्कॅन दोन-तीन जणांच्या डोळ्यांखालून जातो, हा फायदाच. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जुनी सोनोग्राफी, जुनी सीटी, आधीची एखादी जीर्ण एक्स-रे फिल्म असली तरी सगळं पिशवीत घाला. तीच गाठ दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती, असं एका जुन्या फिल्मवरून कळलं तर सगळं चित्र पालटतं.

हे सगळं आठवडा-दोन आठवड्यांत केलं तरी चालण्यासारखं आहे, जर बाबा जेवत-खात असतील तर. थंडी वाजून ताप येत असेल, डोळे पिवळे झाले असतील, पोट फुगत असेल किंवा रक्ताची उलटी अथवा काळी शी झाली असेल, तर सीडीची, रक्ताच्या रिपोर्टची, कशाचीच वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. सीडी मागून कुणीतरी घेऊन येईल.